व्हीलचेअरपासून श्रवणयंत्रापर्यंत: दिव्यांगांसाठीची साधनं सरकारी मदतीतून कशी मिळवायची

घरात कुणाला चालता येत नाही, ऐकू येत नाही किंवा दिसत नाही, आणि 'सरकारकडून काहीतरी मिळतं म्हणे' एवढंच तुमच्या कानावर आलंय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गावातल्या एखाद्याचं काम करून देऊ पाहणारे शिक्षक, आशाताई किंवा मंडळातली पोरं यांनाही तो उपयोगी पडेल. अर्ज भरून द्यायच्या कामात मी बरीच वर्षं आहे. त्यातून एक मत पक्कं झालंय. निधी असतो, योजना असतात, साधनंही येतात. गाडी अडते ती मोजमापाशी आणि नंतरच्या देखभालीशी. म्हणून साधन फुकट मिळतंय का, याच्या आधी ते आपल्या माणसाला बसणारं आहे का, हे विचारायची सवय लावा. कोपऱ्यात पडून राहणाऱ्या निम्म्या व्हीलचेअर आणि कपाटात ठेवलेली श्रवणयंत्रं त्यामुळे वाचतील.

पैसा येतो कुठून

मुख्य झरा केंद्र सरकारचा. १९८१ पासून चालू असलेल्या या योजनेला सगळे 'एडीप' म्हणतात. दिव्यांग व्यक्तींना साहाय्यक साधनं घेण्यासाठी आणि ती बसवून घेण्यासाठी मदत करणं हे तिचं काम. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग ती चालवतो. हा विभाग तुमच्या हातात पैसे देत नाही. तो राबवणाऱ्या संस्थांना अनुदान देतो आणि त्या संस्था तुम्हाला वस्तू देतात. खात्यात पैसे कधी जमा होणार, असं विचारत बसलेली माणसं दर शिबिरात भेटतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

राबवणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठं नाव एलिम्कोचं, म्हणजे कानपूरच्या भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगमचं. १९७२ साली स्थापन झालेला हा केंद्र सरकारचा उपक्रम तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) असं सगळं बनवतो आणि देशभर शिबिरं घेतो. त्याशिवाय राष्ट्रीय संस्था, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रं आणि काही स्वयंसेवी संस्था आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे आणि नागपूरला दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. विदर्भातल्या माणसाला मुंबई गाठण्यापेक्षा नागपूर सोयीचं.

दुसरा झरा राज्याचा. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग केला. त्याचं आयुक्तालय पुण्यात आहे. तिसरा झरा तुमच्या गावातच आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. याची माहिती सर्वांत कमी लोकांना असते. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

पहिली पायरी: यूडीआयडी

पूर्वी अपंगत्वाचा दाखला कागदी असायचा आणि एका जिल्ह्याचा दाखला दुसऱ्या जिल्ह्यात मानायला कुरकुर व्हायची. आता देशभर एकच ओळखपत्र आहे, त्याला यूडीआयडी किंवा बोलीत 'स्वावलंबन कार्ड' म्हणतात. दाखला आणि कार्ड दोन्हींसाठी यूडीआयडीच्या संकेतस्थळावर एकच अर्ज होतो. मोबाइलवरून भरता येतो. जमत नसेल तर महा-ई-सेवा केंद्रात जा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते वैद्यकीय कागद लागतात.

आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जशी आहे तशीच अर्जात लिहा. 'शंकर' आणि 'शंकरराव' एवढ्या फरकाने पुढे अर्ज लटकलेले पाहिलेत. आधारवरच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा आणि मग इकडे या.

अर्ज भरला की तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं असतं, बहुतेक जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय. तिथे प्रत्येक प्रकारच्या तज्ज्ञाचा वार ठरलेला असतो: अस्थिव्यंगाचा एक, डोळ्यांचा दुसरा, कान-नाक-घशाचा तिसरा. जाण्याआधी फोन करून वार विचारून घ्या. ऐकण्याच्या तपासणीला ऑडिओमेट्री लागते, लहान बाळ असेल तर बेरा नावाची चाचणी. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांक चाचणी. ही यंत्रं किंवा मानसशास्त्रज्ञ त्या रुग्णालयात नसतील तर दुसरीकडे पाठवतात, त्यामुळे दोन खेपा होतील असं धरूनच चला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार मान्य आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते ७ होते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातली इजा, पार्किन्सन, ऑटिझम हे सगळे आता यादीत आहेत. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांना हा दाखला काढता येतो हे अजून अनेक घरांत पोहोचलेलं नाही. साधनाची गरज नसली तरी इतर सवलतींसाठी तो काढून ठेवावा.

टक्केवारी ४० किंवा जास्त असेल तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. कमी असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, पण तपासणी घाईत उरकली असं वाटत असेल तर फेरतपासणीसाठी अपील करता येतं. दाखला 'तात्पुरता' दिलाय की 'कायमचा', हे तिथल्या तिथे वाचा. तात्पुरत्या दाखल्याची मुदत संपली की योजना थांबते आणि ते कुणी आठवण करून देत नाही. कार्डाचा रंगही टक्केवारीवर ठरतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं.

उत्पन्नाचा दाखला आणि त्यातलं गणित

एडीपची उत्पन्नमर्यादा महिन्यावर आहे आणि तहसीलदाराचा दाखला वर्षावर. इथेच गोंधळ होतो. महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधनाची पूर्ण किंमत सरकार देतं. २२,५०१ ते ३०,००० असेल तर निम्मी. १२ ने गुणा: वार्षिक दाखल्यावर २ लाख ७० हजारांपर्यंतचा आकडा असेल तर पूर्ण, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्मं. जो दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत आई-वडिलांचं किंवा पालकाचं उत्पन्न धरतात.

अनेक घरं या मर्यादेत बसत असूनही 'आपलं उत्पन्न जास्त आहे' असं समजून अर्जच करत नाहीत. जुनी मर्यादा १५,००० ची होती आणि तीच लोकांच्या डोक्यात बसलीय. कंत्राटी कामगार, छोटा दुकानदार, खासगी शाळेतला शिक्षक हे सगळे आता आत येऊ शकतात.

दाखला 'आपले सरकार'वर किंवा सेतू केंद्रातून काढायचा. एका वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार असतात. तीन वर्षांचा घेतला तर पुन्हा खेटे वाचतात. शिबिरांमध्ये काही वेळा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड किंवा रोजगार हमीचं कार्डही चालतं. शिबिराच्या पत्रकावर ते लिहिलेलं असतं, नीट वाचा.

सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि चालू मोबाइल नंबर एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कायम तयार ठेवा. मोबाइल नंबर हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा. शेजारच्या पोराचा नंबर दिला, पोरगा पुण्याला गेला, वाटपाचा मेसेज त्याला आला आणि साधन परत गेलं. नंबर घरातल्याच माणसाचा द्या आणि तो बदलू नका.

शिबिर: एक तपासणीचं, एक वाटपाचं

एडीपचं शिबिर दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात तज्ज्ञ तुम्हाला तपासतात, माप घेतात, कोणतं साधन द्यायचं ते नोंदवतात आणि पावती देतात. दुसऱ्यात वाटप. मधे काही आठवडे जातात, कधी कित्येक महिने. माल कानपूरहून यायचा असतो हे एक कारण. वाटपाची तारीख अनेकदा पाहुण्यांच्या सोयीने ठरते हे दुसरं, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. पावती सांभाळा. तिचा फोटो काढून ठेवा.

शिबिर कधी आहे ते कसं कळणार? जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, पंचायत समिती, तालुका आरोग्य अधिकारी, नगरपालिका यांच्याकडे आधी पत्रक येतं. गावात आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला सांगून ठेवलं तर बातमी लवकर मिळते. ऑनलाइन नोंदणीही करता येते. शिबिराची वाट बघायची नसेल तर प्रधानमंत्री दिव्याशा केंद्र हा पर्याय आहे. राष्ट्रीय संस्था आणि एलिम्को यांच्या आवारात ही केंद्रं आहेत आणि तिथे कामाच्या दिवशी जाऊन तपासणी करून घेता येते. निघण्याआधी फोन करा. सगळी साधनं सगळीकडे शिल्लक नसतात.

तपासणीच्या दिवशी दिव्यांग व्यक्तीने स्वतः जायचं असतं. 'त्याला कशाला त्रास, मी कागद घेऊन जातो' हे चालत नाही आणि चालूही नये. माणसाला न पाहता दिलेली व्हीलचेअर त्याला बसेलच कशी? प्रवासाचा त्रास खरा आहे. तो कमी करायचा तर तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घ्या अशी मागणी आधी करा. योजनेत लाभार्थी आणि सोबतच्या एका माणसाच्या प्रवासखर्चाची तरतूदही आहे. कुणी आपणहून सांगणार नाही, विचारा.

मागच्या तीन वर्षांत त्याच प्रकारचं साधन सरकारी मदतीतून घेतलं असेल तर पुन्हा मिळत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे, कारण मूल वाढतं. त्यामुळे 'मिळतंय तर घेऊन टाकू' म्हणून नको ते साधन घेतलं, तर हवं असलेलं तीन वर्षं लांबतं.

कोणतं साधन, आणि घेताना काय पाहायचं

*व्हीलचेअर.* सर्वांत जास्त मागितली जाते आणि सर्वांत जास्त चुकीची दिली जाते. बसल्यावर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे इंचभर मोकळी जागा हवी. त्याहून रुंद असेल तर माणूस एका बाजूला कलंडतो आणि पाठ वाकडी होते. पाय ठेवायची पट्टी अशा उंचीवर हवी की मांड्या सीटला समांतर राहतील. घरातून निघण्याआधी दारांची रुंदी मोजून कागदावर लिहून न्या, खास करून संडासाच्या दाराची. बैठकीच्या खोलीत फिरणारी आणि मोरीच्या दारात अडणारी खुर्ची अर्धीच कामाची.

कमरेखाली संवेदना नसेल, म्हणजे मणक्याला इजा झालेली असेल, तर गादीचा प्रश्न खुर्चीइतकाच मोठा. नुसत्या रेक्झिनच्या सीटवर तासन्‌तास बसून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. दाब विभागणारी गादी मागा, मिळाली नाही तर ५ टक्के निधीतून किंवा देणगीतून घ्या. आणि दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन बूड उचलायची सवय तपासणाऱ्या थेरपिस्टकडून तिथेच शिकून घ्या.

*बॅटरीवरची तीनचाकी.* हिच्यासाठी शिबिरात झुंबड उडते. वय १६ च्या वर आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त, या मुख्य अटी. हातात जोर आणि डोळ्यांत पुरेशी नजर हवी, कारण गाडी स्वतः चालवायची असते. घेण्याआधी तीन गोष्टी बघा: घराजवळ रात्री चार्जिंगला लावायला सुरक्षित प्लग आहे का, रस्त्याला चढ किती आहे आणि गावात कुणी इलेक्ट्रिक रिक्षा दुरुस्त करतो का. तिन्हींची उत्तरं नकारार्थी असतील तर हाताने चालवायची तीनचाकी जास्त दिवस साथ देते. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, तरी सांगतो. गाडी महिनाभर वापरात नसली तरी बॅटरी अधूनमधून चार्ज करत राहायची. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडली की मरते.

*श्रवणयंत्र.* कानामागे बसणारं डिजिटल यंत्र मिळतं. ते तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे, संगणकावर लावून द्यावं लागतं. वाटपाच्या दिवशी नुसता डबा हातात दिला तर थांबा आणि 'प्रोग्रॅमिंग करून द्या' असं सांगा. कानात बसणारा साचा त्याच माणसाच्या कानाचं माप घेऊन केलेला हवा, नाहीतर शिट्टीसारखा आवाज येतो आणि आजोबा यंत्र काढून ठेवतात. मुलांचा साचा काही महिन्यांनी बदलावा लागतो. बॅटऱ्या छोट्या, बटणासारख्या असतात आणि त्यांचा खर्च आपला. कोकणात पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ओलाव्याने जेवढी यंत्रं बिघडतात तेवढी पडून फुटत नाहीत.

आणखी एक: नवं यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे सगळे आवाज कर्कश वाटतात. भांडी, फटफटी, स्वतःचं चावणं. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा. हे कुणी सांगितलं नाही की यंत्र नावडतं होतं.

*कॉक्लिअर इम्प्लांट.* ज्या बाळाला जन्मापासून ऐकू येत नाही आणि श्रवणयंत्रानेही फायदा होत नाही, त्याच्यासाठी कानाच्या आत यंत्र बसवण्याची ही शस्त्रक्रिया. खर्च लाखांच्या घरात जातो. एडीपमधून तो उचलला जातो आणि त्याची मुख्य संस्था वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. जन्मजात बहिरेपणात वयाची ५ वर्षं ही कडक रेघ समजा. त्याही आत, जितकं लवकर तितकं बोलणं चांगलं येतं, कारण भाषा शिकायचं मेंदूचं वय निघून जातं. बाळ टाळीला, हाकेला वळत नाही असं वाटलं की 'मुलगे उशिरा बोलतात' यावर विसंबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा. ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

पालकांनी ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी नीट समजून घ्यावी: यंत्र बसवलं म्हणजे मूल बोलायला लागलं असं होत नाही. नंतर यंत्राची वारंवार जुळणी आणि महिनोन्‌महिने वाचा-श्रवण उपचार. आई किंवा वडील, कुणीतरी एकाने त्यासाठी वेळ काढावाच लागतो. हमीची मुदत संपल्यावर बाहेरच्या भागाच्या वायरी, बॅटऱ्या, दुरुस्ती यांचा खर्च घरावर येतो. तो आधीच विचारून घ्या.

*अंध आणि अल्पदृष्टी.* ब्रेल पाटी-सळई, ब्रेल किट, घडीची पांढरी काठी, अडथळा जवळ आला की कंप पावणारी स्मार्ट केन, बोलकी पुस्तकं ऐकवणारा डेझी प्लेअर, विद्यार्थ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारा स्मार्टफोन असे प्रकार आहेत. अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक आणि संगणकावरचा एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत आणि मराठी वाचतात, म्हणजे फोन घरात असेल तर योजनेची वाट न बघता आजपासून सुरुवात करता येते. स्मार्ट केनच्या बाबतीत माझा आग्रह हा, की आधी साध्या काठीने चालायचं प्रशिक्षण घ्या. वरळीच्या राष्ट्रीय अंध संघासारख्या संस्था ते देतात.

*कृत्रिम पाय.* शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरून टोकाची सूज उतरेपर्यंत माप घेऊ नये. घाईत घेतलेलं माप दोन-तीन महिन्यांत सैल होतं. त्या काळात टोकाला रोज इलॅस्टिक पट्टी बांधायची. मधुमेह असेल तर दुसऱ्या पायाची काळजी दुप्पट. शेतात, चिखलात उतरणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसाला जयपूर फूट सोयीचा पडतो. भगवान महावीर विकलांग साहाय्यता समिती तो मोफत देते.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी शैक्षणिक संच मिळतो. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांसाठी रोजच्या कामांच्या साधनांचा वेगळा संच असतो.

शाळेत जाणारं मूल असेल तर

समग्र शिक्षा अभियानातून शाळकरी मुलांसाठी वेगळी तपासणी शिबिरं होतात, त्यात खर्चाचा ६० टक्के वाटा एडीपचा आणि ४० टक्के शिक्षण विभागाचा. मुख्याध्यापकांना किंवा गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा आणि मुलाचं नाव विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीत आहे का ते पाहा. यादीत नाव नसेल तर शिबिराचं बोलावणंच येत नाही. पहिलीत प्रवेश घेतानाच हे करून टाका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी

वय झाल्याने गुडघे गेले, ऐकू कमी येतं, पण दिव्यांगत्वाचा दाखला नाही, अशांसाठी वेगळी वाट आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून चालू आहे. ६० वर्षांवरच्या गरीब घरांतल्या ज्येष्ठांना त्यातून काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी अशी साधनं मिळतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. त्यात ६५ वर्षांवरच्या आणि वार्षिक २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या आधार जोडलेल्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. साधन आपण घ्यायचं आणि बिल जपायचं, कारण ते सादर करावं लागतं. ३,००० रुपयांत कमरेचा पट्टा, चष्मा, चारपायी काठी होते. चांगलं श्रवणयंत्र होत नाही. त्यासाठी कानाची तपासणी करून एडीपकडेच या.

गावातला ५ टक्के निधी

एडीपमध्ये न बसणाऱ्या गोष्टींसाठी हा खरा आधार. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं यांतून आलेल्या पैशातून ५ टक्के दिव्यांगांवर खर्च व्हायला हवेत. वर्षाअखेरीला, मार्चच्या घाईत, अनेक ठिकाणी तो सगळ्यांना थोडा थोडा रोख वाटून संपवतात. कुणाला ५०० रुपये, कुणाला ७००. सही घेतली, विषय संपला. मला हे पटत नाही. दहा जणांना पाचशे देण्यापेक्षा एकाला दाबाची गादी, दुसऱ्याला दारापुढे उतार आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याला श्रवणयंत्र हे जास्त उपयोगाचं. पण तसं व्हायचं तर दिव्यांगांनीच एकत्र बसून क्रम ठरवायला हवा आणि गावात हे सोपं नसतं, हेही कबूल.

काम असं करा. गावातल्या सगळ्या दिव्यांगांची नावं, यूडीआयडी क्रमांक आणि गरज अशी एक यादी तयार करा. आर्थिक वर्ष सुरू होतानाच, एप्रिल-मेमध्ये, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकाकडे, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात मागच्या वर्षीचं स्वतःचं उत्पन्न किती होतं, त्याचे ५ टक्के किती आणि खर्च किती झाला, हे विचारा. मग तो विषय ग्रामसभेत मांडा आणि ठरावाच्या वहीत नोंदवून घ्या. ग्रामपंचायत छोटी असेल तर ५ टक्के म्हणजे फार मोठी रक्कम नसते. तेव्हा उरलेल्या गरजा घेऊन जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जा, त्यांच्या सेस निधीतही, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातल्या निधीतही, हाच वाटा आहे. बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर, घरघंटी, शिलाई मशीन अशा योजना तिथून निघतात. अर्ज मागवण्याची मुदत छोटी असते आणि जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानात येते. शहरात राहात असाल तर महापालिकेच्या समाजविकास किंवा तत्सम विभागात चौकशी करा. प्रत्येक महापालिकेच्या योजना वेगळ्या असतात.

अनुदान नको, कर्ज काढून दुकान टाकायचंय, असं असेल तर महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे वळा. फिरत्या दुकानासाठी पर्यावरणस्नेही ई-वाहन देण्याची त्यांची योजना अनेकांना माहीत आहे.

संस्था म्हणून काम करायचं असेल

नव्या संस्थांना एकच सल्ला: पहिल्याच वर्षी केंद्राच्या अनुदानामागे लागू नका. त्यासाठी नोंदणी, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक, दिव्यांग कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षित हिशेब, राज्य सरकारची शिफारस असं सगळं लागतं आणि वेळ जातो. त्याऐवजी तालुक्यातल्या गरजूंची नीट यादी करा, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत एलिम्कोला किंवा एखाद्या राष्ट्रीय संस्थेला शिबिराची विनंती करा आणि वाटपानंतरचा पाठपुरावा आपल्याकडे घ्या. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतूनही एलिम्को शिबिरं घेतं, म्हणून जवळच्या औद्योगिक वसाहतीत एखादं पत्र टाकून बघायला हरकत नाही.

अडलं तर

यातला कुठलाही अर्ज मंजूर करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अर्जासाठी सेवा केंद्राचं ठरलेलं शुल्क आणि झेरॉक्स यापलीकडे खर्च नाही. 'व्हीलचेअर मंजूर झाली, ओटीपी सांगा' असे फोन येतात, ते सरळ बंद करा.

दाखला महिनोन्‌महिने अडकला, साधन वाटपात मिळालं नाही किंवा ५ टक्क्यांचा हिशेब कुणी देत नाही, तर आधी त्याच कार्यालयात तारीख घातलेला लेखी अर्ज आणि पोच. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. प्रश्न छोटे आणि नेमके ठेवा: 'अमुक तारखेच्या तपासणी शिबिरात किती जणांची नोंद झाली, किती साधनं आली, किती वाटली, उरलेली कुठे आहेत.' त्यापुढची पायरी पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. त्यांना २०१६ च्या कायद्याने चौकशीचे अधिकार दिले आहेत. तक्रार साध्या मराठीत, पोच जोडून, पोस्टाने पाठवता येते. वकील लागत नाही.

साधन हातात आलं की वाटपाची तारीख, अनुक्रमांक आणि हमीची मुदत त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा आणि दुरुस्तीसाठी कुणाला फोन करायचा ते वाटपाच्या मांडवातच विचारून घ्या. मांडव उतरल्यावर तो नंबर शोधणं फार अवघड जातं.